टाकीवरचा दांडा

माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. वाइनच्या टाकीवरचा दांडा आहे मी, आणि ठोकणं हाच माझा धंदा. सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केलं, बुडाला जाड गोल फळी ठोकली आणि या घरात आणून दिलं.

द्राक्षांची तोडणी सुरू झाली, की इथे कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. उजाडल्यापासून क्रेट येऊन आदळतात. गांधीलमाश्या डसतात, हात काळेनिळे होतात, जेवण उभ्याउभ्या उरकतं. यंत्र घडांचे देठ ओरबाडून मणी फोडतं. तो लगदा टाकीत खदखदू लागला, की सालं वर येऊन घट्ट थर धरतात. सकाळ, दुपार, संध्याकाळ तो थर फोडून खाली दाबायचा. घरचा मालक दादा टाकीच्या तोंडावर आडव्या टाकलेल्या फळीवर उभा राहून मला दोन्ही हातांनी थरात हाणायचा. थर फाटला, की लाल फेस उसळायचा. मला मजा यायची, खोटं कशाला बोलू?

पण रस आंबताना एक वायू सुटतो. तो दिसत नाही, आणि माणसाला बघता बघता आडवं करतो. म्हणून रस काढल्यावर चोथा उपसायला आत उतरण्याआधी दोरीने पेटती मेणबत्ती सोडायची. विझली, तर टाकीचं खालचं दार उघडून पंखा लावायचा आणि थांबायचं. एकामागे दुसरा उतरला, तर दोघंही जातात, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं.

त्या दिवशी दादाने बजावलं होतं, "अजून दोन दिवस मुरू दे." धाकट्या भावाला धीर कुठला? दादा मळ्यात गेल्याचं बघून त्याने तोटी सोडली आणि सगळा रस काढून घेतला. दादा परतला, रस काढलेला पाहिला आणि त्याचं टाळकं सरकलं. त्याने मला उचललं आणि सख्ख्या भावाच्या खांद्यावर घातलं. हाड वाजलेलं मी ऐकलं.

"मार अजून!" धाकटा ओरडला. "सगळं तुलाच कळतं ना? चोथा उपसून दाखवतो, मग बोल!"

"अरे, मेणबत्ती!" दादाची बायको, त्याची वहिनी, किंचाळली.

"खड्ड्यात गेली मेणबत्ती!"

एका हाताने शिडी धरत तो वरूनच आत उतरला. दोनदा फावडं मारलं, तिसऱ्यांदा फावडं हातातून गळालं आणि तो चोथ्यात तोंडघशी पडला.

दादाने मला टाकलं आणि शिडीकडे झेप घेतली. "सोड मला! माझा भाऊ आहे आत!"

वहिनीने त्याचा सदरा धरला, तो फाटला. मग तिने मला उचललं आणि जिवाच्या आकांताने नवऱ्याच्या गुडघ्यावर हाणलं. तो कोसळला. त्याच्या छातीवर गुडघा रोवून ती गड्यांवर ओरडली, "खालचं दार उघडा! आत कुणी जायचं नाही!"

दार उघडलं. चोथ्याचा लोंढा बाहेर आला, आणि त्यासोबत धाकटा. तोंडात, नाकात सालं भरलेली. वहिनीने बोटांनी ती काढली, छाती दाबत राहिली. काही उपयोग झाला नाही.

तेव्हापासून दादा लंगडतो आणि तिच्याशी बोलत नाही. एकदाच बोलला, "तू मारलंस त्याला."

तिने मान खाली घातली नाही. "पुन्हा तशी वेळ आली, तर पुन्हा पाय मोडेन तुमचा," म्हणाली. मग मोरीत जाऊन बराच वेळ रडली.

आता मला बंबाशेजारी फेकलंय, सरपणात. दादा रोज येतो, मला हातात घेतो, पुन्हा ठेवतो. खांद्यावरच्या घावाबद्दल तो चकार शब्द काढत नाही, आणि मला त्याचा संताप येतो. मालक, जाळायचं तर मला खुशाल जाळा. पण त्याआधी आत जा आणि एकदा तरी तिच्यासमोर कबूल करा, की भावाला पहिला घाव तुम्ही घातला होता.