आदिनाथ सरांचा पेन ड्राईव्ह

केंद्रातल्या चौदा शाळांत संगणकाचं काही अडलं की फोन आदिनाथ सरांनाच जायचा. सरांचं संगणकाचं शिक्षण म्हणजे वडवणीत एका उन्हाळ्यात केलेला तीन महिन्यांचा कोर्स. पण बाकीच्यांकडं तेवढंही नव्हतं, म्हणून सर तज्ज्ञ ठरले. खरं सांगायचं तर त्यांनाही ते आवडायचं. खिशात पेन ड्राईव्ह घालून मोटारसायकलवर निघाले की आपण डॉक्टरच आहोत असं त्यांना वाटे. आणि हात धुतलेत का, असं डॉक्टरला कोण विचारतं?

ऑगस्टच्या शेवटी सगळ्या शाळांतून एकच तक्रार यायला लागली. पेन ड्राईव्ह उघडला की आतली फोल्डरं गायब, आणि त्याच नावाचे शॉर्टकट तेवढे दिसायचे. त्यावर क्लिक केलं की बाधा त्या संगणकात शिरायची आणि पुढं लावलेल्या प्रत्येक पेन ड्राईव्हवर चढायची. महिन्याच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुख बंकटराव साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सर, ही कीड आणली कुणी?"

सरांना माहीत नव्हतं. पण माहीत नाही असं म्हणायची त्यांची सवय सुटली होती.

"उज्ज्वला मॅडमनी पंधरा ऑगस्टच्या नाचासाठी तेलगावच्या दुकानातून गाणी भरून आणली ना," ते म्हणाले, "तिथूनच आलंय हे."

"सर, आधी बघा तरी," उज्ज्वला मॅडम उठून म्हणाल्या. त्यांची दोन शिक्षकी शाळा, पोरं बहुतेक ऊसतोड कामगारांची. कुणी काही बघितलं नाही. साहेबांनी तिथंच हुकूम सोडला, की त्यांच्या शाळेचा पेन ड्राईव्ह कुणी लावायचा नाही आणि मॅडमनी सगळी माहिती कागदावर आणायची. तेव्हापासून त्या पट्टीनं रेघा आखलेले तक्ते घेऊन यायच्या, आणि दारात दिसल्या की कुणीतरी म्हणायचंच, "आल्या बघा कागदवाल्या बाई!" हसणाऱ्यांत आदिनाथ सरही असायचे.

दिवाळीच्या सुट्टीत सरांच्या बायकोला भाचीच्या लग्नाचे फोटो बघायचे होते आणि घरचा लॅपटॉप काही केल्या हलेना.

"चौदा गावचे संगणक धुता, घरचा कधी बघितलाव का?" वर्षाराणी म्हणाली.

बघितला नव्हता. सरांनी नवा अँटीव्हायरस टाकला, आणि दहा मिनिटांत तीच बाधा सापडली. लॅपटॉप सुरू झाला की गुपचूप चालू होणारी एक फाईल आत बसली होती, आणि ती तयार झाल्याची तारीख होती दोन जुलै. उज्ज्वला मॅडमच्या शाळेत ई-साहित्य टाकायला सर गेले होते अठरा जुलैला, याच लॅपटॉपला लावलेला पेन ड्राईव्ह घेऊन. गाणी तर ऑगस्टमधली. सरांनी हिशोब दोनदा केला. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं, आणि त्यांचे कान तापले. फाईल काढून टाकायच्या आधी त्यांनी मोबाईलवर पडद्याचा फोटो काढला. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्यांनी मॅडमना फोन करायला हवा होता. नंबर काढलाही, पण लावला नाही.

त्याऐवजी शाळा उघडल्यावर आठ दिवस ते गावोगाव हिंडले. आधी ते फक्त पेन ड्राईव्ह साफ करायचे, आणि संगणकातली कीड त्यावर पुन्हा चढायची. या वेळी त्यांनी आधी संगणक धरला. चालू असलेली फाईल थांबवली, ती आपोआप सुरू होण्याच्या यादीतून काढली, पुसली, मग पेन ड्राईव्ह तपासला. एका ओळीची कमांड दिल्यावर दडवलेली फोल्डरं जशीच्या तशी समोर आली. खोटे शॉर्टकट पुसले की काम झालं. कुणाचं एक पानही गेलं नव्हतं.

उज्ज्वला मॅडमच्या शाळेतलं काम संपल्यावर त्यांनी चहा केला. "कळलं का सर, कुठून आलं हे?"

"न्हाई ना मॅडम. आता कसं सांगता येणार?"

सरांनी चहा अर्धाच ठेवला आणि पेन ड्राईव्ह खिशात घातला.

पुढच्या परिषदेत सरांचा सत्कार ठेवला होता. चौदा शाळा निर्मळ केल्याबद्दल शाल आणि नारळ. साहेबांना वाटलं, मॅडमच्या हातून दिलं तर जुनं मिटेल. मॅडमनी सरांच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला आणि त्या माईकसमोर उभ्या राहिल्या.

"माझ्या शाळेमुळं सगळ्यांना लई तरास झाला. माफी मागते."

बाईंनी ते खरंच मानलं होतं. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चूक मॅडमची न्हाई," ते कसेबसे म्हणाले. "माझी हाय."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. "मोठेपणा बघा सरांचा!" मागून कुणीतरी ओरडलं. सरांना क्षणभर वाटलं, भागलं. इथंच थांबावं. मॅडम मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या.

"सर," त्या हळू म्हणाल्या, "नेमकं काय ते सांगा."

सरांनी मोबाईलमधला फोटो प्रोजेक्टरवर लावला. भिंतीवर ती फाईल आणि तिची तारीख हातभर मोठी दिसायला लागली. "हा माझा लॅपटॉप," ते म्हणाले. "दोन जुलैपासून कीड यातच हुती. अठराला मीच ती मॅडमच्या शाळेत नेली. तुमच्या सगळ्यांच्या शाळांतबी मीच नेली. दिवाळीतच मला कळलं हुतं. तरी बोललो न्हाई."

मग बंकटराव साहेब खाकरले.

"असू द्या सर. मुद्दाम थोडंच केलंय? होतं असं."

"चुकतोच की माणूस," दुसऱ्या रांगेतून एकानं साथ दिली. कुणी हसलं, कुणी चहाचं विचारलं. अर्ध्या मिनिटात सरांना सगळं माफ झालं होतं.

"मला तीन महिन्यांत कुणीच म्हणलं न्हाई," उज्ज्वला मॅडम म्हणाल्या, "होतं असं."

त्यांचा आवाज चढला नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. शाल अजून सरांच्या खांद्यावरच होती. काढून ठेवावी तर तेही लोकांना दाखवण्यासाठी केल्यासारखं होईल, म्हणून ते ती पांघरूनच उभे राहिले.