तळहातावरचा रंग

रंगाऱ्याचे तळहात कधी कोरे नसत. आज निळे, उद्या तांबडे. बायको म्हणायची, "बाजारात काय खपतंय ते तुमच्या हातांवर वाचावं." म्हणून तळहातांवर तांबूस ठिपके उठले, तेव्हा दोघांनीही ते रंगाचेच धरले. खाज नाही, आग नाही. त्याने साबण घासला, लिंबू चोळलं. ठिपके तसेच.

त्याआधी, माल घेऊन परगावी जाऊन आल्यावर, नको त्या जागी एक जखम झाली होती. तीही दुखली नाही. आपसूक भरली. तिच्याबरोबर त्याने परगावची ती रात्रही मनातून पुसून टाकली. पुढे ठिपकेही मावळले, आणि रंगारी गालातल्या गालात हसला. सुटलो.

बायकोला दिवस गेले तसं त्याने तिला रंगाच्या पिंपांजवळ फिरकू दिलं नाही. "वाफ बाधेल गं बाळाला." मग ती दारात बसून कोऱ्या सुताच्या लड्या उलगडायची आणि पोटाशी गुणगुणायची:

लडी बाई उलगडे, धागा धाग्याला सांगतो,
येणारा गं पाहुणा, कोणता रंग मागतो.

दवाखान्यात तिचं रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी निरोप धाडला, नवऱ्याला घेऊन ये.

"तुझ्या रक्तात सिफिलिस निघालाय. गरमी म्हणतात ती. शरीरसंबंधातून लागते, आणि आईकडून पोटातल्या बाळाला."

बायको हसलीच. "मला? काही दुखत नाही, खुपत नाही."

"हीच तिची खोड. जखम भरते, पुरळ जातं, आणि ती आत दबा धरून बसते. हात बघू."

तिने तळहात पुढे केले. तांबूस ठिपके. "रंग आहे हो बाई. रंगाऱ्याच्या घरात हे असायचंच."

रंगाऱ्याने तिचे तळहात उजेडाकडे वळवले. दिवस राहिल्यापासून तिने रंगाला बोटही लावलं नव्हतं. त्यानेच लावू दिलं नव्हतं.

"बाळ?" त्याने विचारलं.

"आजच सुई द्यायला हवी, तुम्हा दोघांनाही. बहुतेक वाचेल. उशीर किती झालाय, ते आत्ताच कसं सांगू?"

बायको अंगठ्याने एक ठिपका चोळत होती, नव्या कापडावरचा डाग काढावा तशी.

"घासू नकोस," तो म्हणाला. "तो रंग नाही. माझ्याकडून आलंय ते. मी बाहेरून आणलं."

अंगठा थांबला. ती त्याच्याकडे वळली नाही. सवयीने तिने दोन्ही हात पोटावर ठेवले, आणि डाग लागेल की काय, असे लगेच उचलले.