श्वास न घेणारा संदेष्टा

खड् खड् खड्... चुलीवरच्या नाचणीच्या पेजेचं झाकण वाजलं आणि घरभर दाटीवाटीने, चिडीचूप बसलेली माणसं दचकली. दचकला नाही तो फक्त खुर्चीत ताठ बसलेला संदेष्टा एलाम ओन्सेरिओ. डोळे सताड उघडे, नजर पत्र्याच्या छपराला भोक पाडून थेट स्वर्गात. केमुंटोची सासू न्यांचामा त्याच्या नाकाखाली आरसा धरून उभी होती, आणि आरसा लख्ख होता. वाफेचा ठिपकासुद्धा नाही.

"श्वास नाही!" न्यांचामा कापऱ्या आवाजात म्हणाली.

"आमेन!" घर गरजलं.

केमुंटोने झाकण उतरवलं. श्वास नाही, मग गालांवर एवढी तकाकी कुठून, असं तिच्या मनात आलं. पण सुनेने असलं सगळं मनातच ठेवायचं असतं.

हा एलाम मूळचा केनियातल्या किसी शहरातला न्हावी. ऍडव्हेंटिस्ट चर्चच्या मंडळीत 'वडील', म्हणजे पंच, व्हायची त्याला फार हौस. मंडळीने त्याच्याकडे बाकं पुसायचं काम दिलं, आणि त्याच आठवड्यात त्याला दर्शन झालं की मंडळी भ्रष्ट झाली आहे. जगाच्या अंतापर्यंत देवाने राखून ठेवलेले उरलेले लोक म्हणजे आपण, असं मंडळी मानायची. एलामने त्यातून फुटून 'उरलेल्यांतले उरलेले' असा नवा पंथ काढला. चहा पाप ठरवला. डोंगरभर चहाचे मळे, बायकांनी दिवसभर पानं खुडायची आणि घरी येऊन गरम पाणी प्यायचं. मग प्रभूच्या पुनरागमनाचा दिवस जाहीर केला. लोकांनी मका पेरला नाही. दिवस आला, गेला, प्रभू काही आला नाही. दुसऱ्या सकाळी एलाम शांतपणे म्हणाला, "आला होता. तुमची भांडणं ऐकून दारातूनच परत गेला." लोकांनी रडत एकमेकांची माफी मागितली. संदेष्ट्याने कोणाची मागितली नाही.

आणि हा श्वासाचा चमत्कार. जुन्या काळी एका संदेष्ट्रीचा श्वास दर्शनात थांबत असे, हे इथल्या प्रत्येकाने लहानपणापासून ऐकलेलं. दुसरीकडे बुवाला हवेतून राख काढून दाखवावी लागते. इथे काही काढायचं नव्हतं, नुसता श्वास घ्यायचा नव्हता. शिवाय आरसा ज्याच्या घरी प्रार्थना त्याचाच. एलाम फक्त आपल्या पांढऱ्या फडक्याने तो पुसून घ्यायचा. "जगाचा मळ निघू दे," म्हणायचा.

दर्शन संपलं. एलामने मोठा उसासा टाकला आणि बोट केमुंटोच्या मांडीवरच्या लेकीकडे, सारांगेकडे वळवलं. "या लेकराच्या छातीत तुम्ही डब्यातला वारा भरता! देवाने मला श्वासाशिवाय जगवलं, तो हिला पंपाशिवाय जगवणार नाही? पुढच्या शब्बाथला, शनिवारी, तो पंप चुलीत जाईल. आजीच्या हाताने."

सारांगे सहा वर्षांची, दम्याची. डोंगरावर धुकं उतरलं की तिची छाती शिट्टीसारखी वाजायची, ती औषधाचा पंप तोंडाने ओढल्यावरच थांबायची.

"जशी आज्ञा," न्यांचामा म्हणाली, आणि पंप केमुंटोच्या हातून घेऊन तिने आपल्या कमरेच्या फडक्यात बांधला.

"आई, अहो तिला लागतो तो!"

"लागेल तेव्हा मागून घे. शनिवारपर्यंत देईन. विश्वास नसलेल्या घरात आजार राहतो, सूनबाई."

केमुंटोने नवऱ्याला नैरोबीला फोन केला. तो म्हणाला, "आईशी वाद नको घालूस, मी आलो की बघू." तो थेट डिसेंबरात येणार होता.

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत शब्बाथची न्हाणी उरकायची. केमुंटोने सारांगेला कढत पाण्याच्या घमेल्यात बसवलं. खोलीभर वाफ झाली.

"आई, बघ! आरशाला खिडकी पडली!"

भिंतीवरचा आरसा धुरकटला होता, पण कडेकडेनेच. मधे तळहाताएवढा गोल स्वच्छ, त्यात सारांगेचं ओलं नाक दिसत होतं. केमुंटो जवळ गेली. त्या गोलावर हाऽऽ करून फुंकलं. काही उमटलं नाही. पुन्हा फुंकलं. नाक लावून वास घेतला, आणि ती जी हसत सुटली ती तिला आवरेना.

"काय झालं गं?"

"काही नाही, राणी. संदेष्ट्याचं दुकान सापडलं."

शनिवारी घर पुन्हा भरलं. चूल पेटलेली, पंप न्यांचामाच्या मुठीत. एलामने आरसा पुसला, डोळे वर केले.

"थांबा जरा," केमुंटो उठली. "आधी मी फुंकून बघू?"

"सूनबाई, खाली बस!"

"आई, आरसा माझ्या माहेरचा आहे." तिने तो घेतला, फुंकला. लख्ख. शेजारच्या म्हाताऱ्या मासेसेपुढे धरला. "आजोबा, तुम्ही फुंका."

मासेसेने गाल फुगवून फुंकलं. पुन्हा फुंकलं. त्याचा चेहराच उतरला. "अगं बाई, मी मेलो की काय?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

"सैतान आला आहे घरात!" एलाम ओरडला आणि घाईघाईने दर्शनात गेला. पाहता पाहता ताठ. केमुंटोने अंगावरच्या शालीआडून दुसरा, न पुसलेला आरसा काढून त्याच्या नाकाखाली धरला. आरसा असा पांढरा झाला की त्यावर बोटाने नाव लिहावं.

"बघा, भरपूर घेतोय!" मासेसे आनंदाने ओरडला. आपण जिवंत आहोत याचाच त्याला जास्त आनंद झाला होता.

"साबण आहे हो," केमुंटो म्हणाली. "फडक्यात साबण चोळलाय. आपल्या श्वासातली वाफ गार काचेवर बारीक थेंब होऊन बसते, म्हणून काच धुरकटते. साबण लावला की थेंब बसतच नाहीत, पाणी पातळ पसरतं, काच स्वच्छ दिसते. थंडीच्या दिवसांत न्हाव्याला हे ठाऊक नसेल तर गिऱ्हाईक आपला चेहरा कशात बघणार? घरी जाऊन करून बघा. दर्शन लागत नाही, वडी लागते."

संदेष्टा स्वर्गातून फार लवकर परत आला. "ही परीक्षा होती! तुम्ही नापास झालात!" म्हणत त्याने फडकं उचललं आणि तो पलीकडच्या डोंगराकडे निघाला. चार-पाच माणसं त्याच्या मागे गेलीसुद्धा. त्यांचं म्हणणं, श्वास घेतला असेल, पण दर्शन तर खरं होतं!

त्यांच्यासाठी नाही, घरी परतणाऱ्यांसाठी सांगायचं ते एवढंच. प्रार्थना डोळे मिटून करा, कोणाची ना नाही. पण कोणी तुमच्याच घरात येऊन तुमचाच आरसा पुसू लागला, तर तेवढ्यापुरते उघडा. आणि लेकराचं औषध कोणाच्याही दर्शनावर सोडू नका. खरा देव असेल तर तो औषधावर रुसणार नाही.

न्यांचामा चुलीपाशी बसून राहिली होती. तिने मूठ उघडली, पंप केमुंटोच्या हातात ठेवला आणि अंगणात निघून गेली. सारांगेने दोनदा पंप ओढला. छातीतली शिट्टी हळूहळू थांबली. दारातून तिला आजीची पाठ दिसत होती.

"आई, मला कसं होतं ते आजीला माहीत आहे. रात्री तीच माझी पाठ चोळते. मग ती खरंच पंप चुलीत टाकणार होती?"

केमुंटोने पंप लेकीच्या मुठीत दिला. "जा, तिलाच विचार."