काकूंच्या नावाने बसलेली माणसं

मी एक प्रोफाइल बोलतोय. कामाच्या संगणकावर नाव आणि पासवर्ड टाकला की तुमची म्हणून जी मांडामांड समोर येते, तो मी.

चष्म्याची भिंगं घासणारा हा छोटा कारखाना. संगणक चार आणि माणसं अकरा, त्यामुळे जागा ठरलेली नाही. मी राहतो जिन्याखालच्या बंद खोलीत, सर्व्हरवर. मी ऑर्डरी नोंदवणाऱ्या काकूंचा. त्या कुठल्याही संगणकावर बसल्या की मी त्यांचा संसार घेऊन हजर होतो: मोठी अक्षरं, गच्चीतल्या कुंड्यांचा फोटो, ऑर्डरींची फाइल. त्या लॉग आउट झाल्या की सगळं आवरून परत खोलीत.

प्रोफाइल प्रत्येकाला दिलेलं होतं. पण बाकीचे पासवर्ड विसरले, आणि काकूंचा तर चारही कीबोर्डांखाली चिठ्ठीवर चिकटवलेला होता.

"काकूंच्या नावाने उघड रे, कोण डोकं खाजवत बसणार!"

काकूही म्हणायच्या, "बसा बाबांनो, फक्त माझ्या कुंड्या हलवू नका."

मला मात्र हात ओळखू यायचे. काकूंची दोन बोटं, सावकाश, पण चूक नाही. गोदामातला भाऊ खिळे ठोकल्यासारखा टाइप करायचा.

एका मंगळवारी सव्वीस जोड्या भिंगं चुकीच्या नंबरची घासली गेली. ऑर्डरींच्या यादीतल्या नंबरांच्या रकान्यातला एक नंबर पुसला गेला होता, आणि खालचे सगळे नंबर एकेक घर वर सरकले होते. एकाचा नंबर दुसऱ्याच्या डोळ्यांवर. नोंदीत वेळ आदल्या दिवशीची, अकरा वीस, आणि नाव काकूंचं.

साहेब म्हणाले, "काकू, उद्यापासून तुम्ही पॅकिंगला बसा."

एकोणीस वर्षं काकू ऑर्डरींच्या कामावर होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "पासवर्ड मीच वाटला. आता बोट कुणाकडे दाखवू?"

ते हात कुणाचे होते, मला ठाऊक होतं. पण मला तोंड कुठे?

दुपारी संगणक सांभाळणारी ताई आली. कोण कुठल्या संगणकावर कधी बसलं, त्याच्या नोंदी तिने उघडल्या आणि हसायला लागली. "काकू, काल अकरा वीसला तुम्ही इथेही होता आणि वरच्या गोदामातही?"

"अगं, या गुडघ्याने मला एका ठिकाणी धड उभं राहवत नाही, दोन ठिकाणी कुठली असणार!"

सगळे हसले. भाऊ तेवढा हसला नाही. जरा वेळाने तोच पुढे आला. "साहेब, तो नंबर मी पुसला. मला वाटलं, मीच मघाशी चुकून टाकलाय. काकू, सकाळीच बोलायला हवं होतं. घाबरलो."

"गाढवा," काकू म्हणाल्या, "मला पॅकिंगला बसवून तुला जेवण गेलं असतं का?" मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "चूक त्याची, पण दार मी उघडं ठेवलं होतं. दोघांनाही बोला."

साहेब दोघांनाही बोलले. ऑर्डरींचं काम काकूंकडेच राहिलं. चिठ्ठ्या काकूंनी स्वतः नखाने खरवडून काढल्या, आणि ताईने अकरा जणांना नवे पासवर्ड करायला लावले. आता गोदामातून हाक येते, "काकू, माझा पासवर्ड काय होता हो?"

"मला काय विचारतोस? मला माझाच आठवताना देव आठवतो!"

हल्ली मी फक्त दोन बोटांसाठी उघडतो. थोडं सुनं वाटतं, खोटं कशाला बोलू.

दोन महिन्यांनी काकू निवृत्त होतील आणि ताई मला पुसून टाकेल. तशी रीतच आहे. तुम्हाला एवढंच सांगणं, जागा हवी तर द्या, खुर्ची द्या, आपलं नाव तेवढं देऊ नका. आणि काकू, शेवटच्या दिवशी नुसता पडदा बंद करून जाऊ नका. नीट लॉग आउट करा. कुंड्या आवरून मला माझ्या खोलीत जाऊ द्या. माझ्यावर तुमचं नाव आहे, आणि त्या नावाखाली आता फक्त तुमचंच काम आहे.