राणीच्या टाकीत नवा मासा

चष्मेवालीचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता, आणि तो तिचा दोष नव्हता, तिच्या धंद्याचा होता. बारा वर्षं ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासत होती. तक्त्यावरची खालची ओळ दिसत नसली तर माणसं सरळ "दिसत नाही" म्हणतील की नाही? छे! ठोकून देतात. आपल्या आधीच्याने वाचलेलं कानावर पडलेलं असतं, तेच घडाघडा म्हणून दाखवतात. मग ही बाई शांतपणे तक्ता फिरवायची, मागच्या बाजूची वेगळी अक्षरं समोर आणायची आणि म्हणायची, "आता वाचा बघू." भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. अशा बाईच्या घरातून तीन आठवड्यांत दोन मासे नाहीसे झाले, तर ती काय स्वस्थ बसणार होती?

तिच्या घरातून म्हणायचं आपलं, कारण घर अजून तिचं झालेलं नव्हतं. लग्न होऊन आठ महिने झाले होते. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अडकलेल्या लोकांना बाहेर काढायचा आणि घरी आला की स्वतः सोफ्यात अडकायचा. माणूस सरळ, पण बोलायचं म्हटलं की जिवावर यायचं. त्याची मुलगी नऊ वर्षांची. अंगाने काडी, सदा कामात, दिसेल ती वस्तू उचलून आपल्या खोलीत नेणारी, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणायचे. आणि बैठकीच्या खोलीत, खिडकीपासून लांब, लाकडी स्टँडवर साठ लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी होती. ती मुंगीच्या आईची. आई जाऊन चार वर्षं झाली होती. टाकीत प्रवाळ होते, दगड होते आणि एकच मासा उरला होता, नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेली जाडजूड मादी. तिचं नाव राणी.

मुंगी चष्मेवालीशी वाईट वागायची असं नाही. विचारलं तर उत्तर द्यायची, वाढलं तर खायची, "मावशी, मी जाऊ का?" विचारल्याशिवाय घराबाहेर पडायची नाही. पाहुणी मुलगी कशी वागते, तशी. चष्मेवालीला हेच टोचायचं. तिला फार काही नको होतं. ह्या पोरीने एकदा आपल्याकडे बघून मनापासून हसावं, एवढंच हवं होतं. रोज संध्याकाळी टाकीपुढे बसून ती पोर राणीशी बोलायची, हळू आवाजात, कितीतरी वेळ. चष्मेवाली स्वयंपाकघरातून ऐकायची आणि मनात म्हणायची, एक मासा ऐकून घेतो ते मला नाही का जमणार?

म्हणून तिने बेत काढला. राणीला सोबत आणायची, आणि ती मुंगीने आणि आपण मिळून निवडायची.

खाऱ्या पाण्यातले मासे विकणारा माणूस बोळाच्या टोकाला होता. सगळे त्याला टाकीवाला म्हणायचे. उजवी बाही कायम कोपरापर्यंत ओली. त्याने मासा दाखवायच्या आधी उलटतपासणीच सुरू केली.

"टाकी केवढी? साठ? मग सगळे मिळून तीन मासे. चौथ्याचं नाव काढायचं नाही. आत्ता आत कोण आहे?"

"एक क्लाउनफिश. पाच-सहा वर्षांची."

"एकटी किती वर्षं?"

चष्मेवालीने मुंगीकडे बघितलं. "चार," मुंगी म्हणाली.

"स्वभाव?"

"गरीब आहे," मुंगी घाईघाईने म्हणाली. "खूप गरीब."

"हं. टाकीला झाकण आहे?"

"आहे," चष्मेवाली म्हणाली.

टाकीवाल्याने मान हलवली. "सांगून ठेवतो, ताई. छोट्या टाकीत आधी राहणाऱ्याला सगळी टाकी आपलीच वाटते. नवा आला की तो घरात घुसलेला चोर. म्हणून नवा मासा लहान हवा, भित्रा हवा, जुन्याच्या अध्यात ना मध्यात राहणारा हवा." त्याने राणीच्याच जातीचा नखाएवढा मासा जाळीत घेतला. "हा घेऊन जा. तिची जोडी जमली तर जमली. नाही पटलं तर आणून द्या."

"नव्याला?"

"नव्याला कशाला? तो बिचारा काय करतो? दांडगाई करणारा आणून द्यायचा. जुनी असली तरी घेतो मी. एवढ्या मोठ्या मादीला दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक मिळेल."

"अस्सं? जुनीसुद्धा घेता?"

आता खरं सांगायचं तर हा प्रश्न तिने उगाच विचारला नव्हता. त्या टाकीसमोरून जाताना तिला रोज वाटायचं, की आपण कुणाच्या तरी घरात चपला घालून फिरतोय. ती राणी नसती तर बरं झालं असतं, असं एकदा नाही, दहादा तिच्या मनात आलं होतं. पुढच्याच क्षणी तिची तिलाच लाज वाटली आणि तिने विषय बदलला. मुंगी पाण्याची पिशवी छातीशी धरून उभी होती. तिने ती आणखी घट्ट आवळली.

छोटा मासा तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी सकाळी गायब. मेलेला म्हणावा तर काटा नाही, खवला नाही. टाकीवाला म्हणाला, दगडात खेकडा दडलेला असेल, मेलेल्याला साफ करून टाकतो. चष्मेवालीने रविवारची अख्खी दुपार एकेक दगड हातात घेऊन, विजेरी मारून तपासला. खेकड्याचा पत्ता नाही. मग दुसरा मासा आणला, पेन्सिलीएवढा बारीक, पुढून पांढरा आणि शेपटीकडे लाल होत गेलेला, इतका भित्रा की कुणी शिंकलं तरी दगडाआड जायचा. तो दोनच दिवसांत गेला.

आता मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली.

तिने नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "अगं, मासे आहेत. मरतात."

"मरतात ते कळलं. जातात कुठे?"

तो सोफ्यात आणखी खोल रुतला.

मग ही बाई घरात चोरासारखी शोध घेत फिरायला लागली. आणि शोधणाऱ्याला काही ना काही सापडतंच. टाकीच्या डाव्या अंगाला, स्टँड आणि भिंतीच्या मध्ये, फरशीवर पांढुरके डाग होते. तिने बोट लावून जिभेवर टेकवलं. मीठ! म्हणजे इथे टाकीतलं पाणी सांडलं होतं आणि वाळलं होतं. धुवायच्या कपड्यांत मुंगीचा रुमाल मिळाला, कडक झालेला, त्यावरही तसाच पांढरा डाग. भांड्यांतला एक मोठा चमचा दोन दिवस दिसत नव्हता, तो मुंगीच्या खोलीत पलंगाखाली निघाला.

चष्मेवाली पलंगाच्या कडेवर बसली. नऊ वर्षांची पोर, चमच्याने मासे काढते? जिवंत? आणि आपल्यासमोर बसून एवढ्या साळसूदपणे दूध पिते? तिला राग आला, आणि त्या रागापेक्षा जास्त भीती वाटली, की ही मुलगी आपल्याला एवढी नकोशी समजते. आपण आणलेलं काहीही ह्या घरात जगू द्यायचं नाही, असं तिने ठरवलंय.

शनिवारी जेवताना तिने रुमाल आणि चमचा टेबलावर ठेवला.

"मुंगी, मासे तू काढलेस का?"

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "अगं, काय बोलतेयस तू?"

"तिला बोलू द्या."

मुंगीने रुमालाकडे बघितलं, चमच्याकडे बघितलं. "हो," ती म्हणाली. "मीच काढले. मीच मारले."

"कुठे टाकलेस?"

"कुंडीत पुरले. चमच्याने खड्डा करून. दोन्ही. राणीने काही नाही केलं, मीच केलं."

बापाचं तोंड उतरलं. तो मुलीवर ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. "माफी माग," एवढंच म्हणाला. मुंगीने माफी मागितली, ताट उचललं, धुऊन जागेवर ठेवलं आणि खोलीत गेली.

चष्मेवालीचं म्हणणं खरं ठरलं होतं. हवा होता तो कबुलीजबाब हातात आला होता. मग तिला समाधान का वाटेना? रविवारी भाजी चिरताना सुरी थांबली आणि तिच्या लक्षात आलं. उत्तर फार लवकर आलं होतं. तक्ता पाठ असलेला माणूस देतो तसं, प्रश्न पुरता व्हायच्या आत. आणि राणीचं नाव कुणी काढलं होतं? कुणीच नाही. पोरीने स्वतःहून काढलं. इथे काहीतरी पाणी मुरत होतं.

तिने तक्ता फिरवायचं ठरवलं. कुणाला न सांगता ती टाकीवाल्याकडे गेली आणि तसलाच पेन्सिलीएवढा तिसरा मासा घेऊन आली. मुंगी दारात उभी राहून बघत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "नको ना, मावशी," ती म्हणाली. "का नको?" विचारल्यावर ती आपल्या खोलीत निघून गेली.

सोमवारी पहाटे चष्मेवाली उठली, तेव्हा बाहेर नुकतं फटफटत होतं. टाकीचा निळा दिवा आपोआप लागायची वेळ झाली होती. ती जेवणाच्या टेबलापाशी, कपाटाच्या आड खुर्ची ओढून बसली. स्वतःच्याच घरात दबा धरून! कुणी बघितलं असतं तर काय म्हणालं असतं?

दिवा लागला. नवा मासा दगडाआडून हळूच बाहेर आला. आणि राणी, ती गरीब राणी, कोपऱ्यातून बाण सुटावा तशी त्याच्यावर गेली. तो पळाला, ही मागे. तो खाली, ही खाली. तो वर, ही वर. गोल गोल, तोंडाने ढुशा देत, शेपटीचे लचके तोडत तिने त्याला टाकीच्या डाव्या कोपऱ्यात दाबलं. तिथे झाकणात पंपाच्या नळीसाठी चार बोटं रुंद फट होती. "झाकण आहे" असं ही बाई किती ठामपणे सांगून आली होती! त्या फटीतून मासा उडाला. नळीला आपटला आणि स्टँड आणि भिंतीच्या मध्ये टप्पकन पडला.

ती उठणार, तेवढ्यात अनवाणी पावलं वाजली. मुंगी आली. एका हातात खाऱ्या पाण्याने भरलेला मग, दुसऱ्या हातात फूटपट्टी, खांद्यावर ओला रुमाल. तिने दिवा लावला नाही, इकडेतिकडे बघितलं नाही, सरळ जमिनीवर पालथी पडली आणि पट्टीने मासा अलगद पुढे ओढला. ओल्या रुमालात घेतला, मगातल्या पाण्यात सोडला, आणि तो मग डोळ्यांशी धरून बसली.

"जिवंत आहेस," ती त्याला म्हणाली. "या वेळी जिवंत आहेस रे."

चष्मेवालीला आता सगळं कळलं. ही पोर रोज पहाटे उठत होती. आधीचे दोन तिला वाळलेले सापडले होते, आणि मी तिच्यापुढे रुमाल काय, चमचा काय, वकिलासारखी मांडून बसले. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. खुर्ची वाजली आणि मुंगीने दचकून मागे बघितलं.

"मीच काढला," ती लगेच म्हणाली. "आत्ताच काढला. मीच."

"मी बघितलं, मुंगी. सगळं बघितलं."

तशी मुंगी टाकीपुढे जाऊन उभी राहिली, हातातला मग छातीशी, पाठ काचेला टेकवून. "ती मुद्दाम नाही करत. तिला सवय नाही दुसऱ्यांची. मी समजावतेय तिला. शिकेल ती. थोडे दिवस द्या ना."

आवाजाने बाप डोळे चोळत बाहेर आला. "काय चाललंय काय पहाटे पहाटे?"

"मी चुकले," चष्मेवाली म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून सहजासहजी निघायचं नाही, पण निघालं. "हिने एकही मासा मारला नाही. राणी त्यांना हाकलून देते, ते उडी मारून बाहेर पडतात आणि ही वेचते. मी हिच्यावर उगाच आळ घेतला." ती मुंगीपुढे फरशीवर बसली. "राणी कुठेही जाणार नाही. ही टाकी तिची आहे. ह्या माशाला आज दोघी जाऊन परत देऊ, आणि परत काही आणायचं नाही."

बाप मुलीकडे बघत राहिला. "मग तू हो का म्हणालीस गं? मी केलं, मी केलं, असं का म्हणालीस?"

मुंगीने मगात बघितलं. मासा तळाशी तोल सांभाळत होता. ती इतक्या हळू बोलली, की बापाला पुढे वाकावं लागलं.

"राणीला दुकानात परत देता येतं. मला नाही देता येत."

मुंगीने मान वर केली, बापाकडे नाही, चष्मेवालीकडे बघितलं.

"नाही ना देता येत, मावशी?"