क्लोव्हरमधली हिरवी पावलं

मावशीच्या बांधावर एवढी गर्दी होती की गोठ्यापर्यंत पोचायला मला कोपरं मारावी लागली. सगळे हात जोडून क्लोव्हर या तीन पानी चाऱ्याच्या वाफ्याकडे बघत होते. खुरटलेल्या, फिकट चाऱ्यात माणसाची पावलं उमटली होती, गर्द हिरवी आणि दाट. महिन्यापूर्वी पाऊलबाबा नावाचा एक साधू तिथून अनवाणी चालला होता. मागून चेले प्रत्येक पावलात पवित्र राख भरत गेले होते.

"मी चालतो, धरणी फुलते," बाबा सांगत होता. "पण ज्या गोठ्यात सुई शिरली, तिथली कृपा आटली म्हणून समजा."

आणि गोठ्यात मावशीची गाय आडवी पडली होती. व्यायल्यापासून उठलीच नव्हती. मी जनावरांची डॉक्टर. रक्तातलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, घटलं की गाय अशी बसते आणि वेळेवर सुई दिली तर बहुतेकदा उठते.

"नको गं," मावशी दारात आडवी आली. "पावलं सुकतील. बाबा बघतील तिचं."

बाबाने बघितलं, लांबूनच. दुसऱ्या दिवशी गाय दगावली. वासरू तिच्या कासेला ढुशा देत राहिलं. बाबा म्हणाला, "मावशींची श्रद्धा कमी पडली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सरळ त्या पावलांत बसून माती उकरली. राख चिमटीत विरते. हे करडे दाणे टणक होते. खताच्या दुकानात सुपर फॉस्फेट म्हणून पोत्याने मिळतात तेच. आमच्याकडे क्लोव्हरला ते कुणी घालत नाही. "क्लोव्हर आपलं खत आपणच करतं," असं आजोबांपासून ऐकलेलं. ते अर्धंच खरं आहे. नत्र ते हवेतून मिळवतं, पण स्फुरद मातीतच असावं लागतं, आणि आमच्या मातीत ते नाही. आमचं हे अज्ञान बाबाने बरोबर हेरलं होतं.

मी गमबूट घातले आणि सगळ्यांदेखत त्याच्या पावलांशेजारून चालले. डाव्या बुटाच्या ठशांत दुकानातलं खत टाकलं, उजवे रिकामे ठेवले. पाणी दोन्हींना दिलं.

महिन्याने डावे ठसे हिरवेगार झाले, उजवे फिकटच राहिले. बाबा तोवर चेल्यांसकट पसार झाला होता. मला वाटलं, सुटलो एकदाचे. तेवढ्यात दूधवाला वाकला आणि डाव्या ठशाला नमस्कार करून म्हणाला, "डॉक्टरीणबाईंच्या डाव्या पायात गुण आहे."

मी कपाळावर हात मारला. मावशीने मात्र त्याला दंडाला धरून उभं केलं.

"बुटाच्या पाया पडतोस? खत आहे ते." तिने फिकट उजव्या ठशाकडे बोट दाखवलं. "मातीत नव्हतं, म्हणून चाऱ्यात नव्हतं, म्हणून माझ्या गाईच्या रक्तात नव्हतं. आणि तो मेला बाबा तेच झोळीत घेऊन हिंडत होता. ही माझी भाची सुई घेऊन उभी होती आणि मी, मी दार अडवलं."

तेव्हा मी एवढंच सांगते. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी माती उकरून बघा. शेजारी स्वतः तसंच करून बघा. आणि जनावर बसलं तर डॉक्टरला दारात अडवू नका. मावशी ते वासरू अजून बाटलीने पाजते आहे.