एका चाचणीची अट

रविवारी सकाळी पोहे खाता खाता माझ्या मुलाने, कुमारने, आपल्या मुलीला सांगून टाकलं, "उद्याच्या फिजिक्सच्या टेस्टमध्ये पास झालीस तर बरं. नाहीतर क्लास बंद. बारावी घरी बसून काढायची आणि पुढे बी.ए.ला नाव घालायचं."

संस्कृती पोह्यातले शेंगदाणे एकेक करून बाजूला काढत राहिली. कुमार गाडी काढून बाहेर गेला. मी अर्धी ताटली तशीच सरकवली. मला कमी ऐकू येतं असं जुळे सोलापूरच्या या फ्लॅटमध्ये सगळेच धरून चालतात. ऐकू सगळं येतं.

"आण तुझा गृहपाठ," मी म्हणाले.

"आजी, न्यूक्लियर फिजिक्स आहे. तुला नाही येणार."

"आण तर खरं."

मी चाळीस वर्षं झेडपीच्या शाळेत शिकवलं. त्याआधी वळसंगहून एसटीने येऊन इथल्या कॉलेजात विज्ञानही शिकले, जेवढं शिकू दिलं तेवढं. संस्कृतीच्या वहीत पहिलंच उत्तर चुकलं होतं. पदार्थाचं अर्धायुष्य आठ दिवस, तर सोळा दिवसांनी किती उरेल? पोरीने लिहिलं होतं, शून्य.

"आठ दिवसांत अर्धा गेला, पुढच्या आठ दिवसांत उरलेला अर्धा गेला. झालं की," ती म्हणाली.

"क्लासमध्ये काय सांगितलं?"

"फॉर्म्युला पाठ करा म्हणाले. का, ते विचारलं तर म्हणाले, तुला रिसर्च करायचाय का मार्क पाहिजेत?"

माझ्या डोक्यात आधीच पेटलेलं होतं, ते आणखी भडकलं. मी उठले आणि चिंचोक्यांचा डबा आणला. चैत्रात वळसंगहून चिंच येते, मी ती फोडते आणि चिंचोके टाकवत नाहीत म्हणून ठेवते. लहानपणी आम्ही ते दगडावर एका अंगाने घासायचो. काळं साल जाऊन पांढरं पोट दिसलं की झाला फासा. कोळशाने जमिनीवर पट आखायचा आणि आयाबाया कामाला हाका मारून दमेपर्यंत खेळायचं. आम्ही दोघी गॅलरीतल्या खरबरीत शहाबादी फरशीवर बसलो आणि चांगले ओंजळभर चिंचोके घासले, मग हॉलमध्ये येऊन बसलो.

"हा एकेक म्हणजे एकेक अणू. फेक. पांढरं वर पडलं तो फुटला, बाजूला काढ."

तिने फेकले. साधारण निम्मे गेले. उरलेले फेकले, त्यातले निम्मे गेले. तिसऱ्यांदा फेकताना तिचा हात थांबला.

"म्हणजे दुसऱ्या वेळी उरलेल्यांतलेच निम्मे जातात! पाव राहणार. शून्य कुठलं?"

"आता सांग, दोनदा वाचलेला चिंचोका आणि नवा घासलेला, यांत आधी कोण फुटेल?"

"वाचलेला... नाही. थांब. दोघांनाही सारखाच चान्स. त्याला काय माहीत आपण किती वेळा वाचलो ते!"

मग ती प्रश्नांवर प्रश्न विचारत सुटली. बीटा किरणांतला इलेक्ट्रॉन बाहेरच्या कक्षेतून सुटतो ना? नाही, म्हटलं, तो केंद्रकातून येतो. मग केंद्रकात इलेक्ट्रॉन असतो? नसतो, न्यूट्रॉनचा प्रोटॉन होताना तिथेच जन्मतो आणि लगेच बाहेर पडतो. "लई भारी!" म्हणून तिने मांडीवर थाप मारली आणि ओंजळ पुन्हा फेकली.

नेमका तेव्हाच कुमार आत आला.

"आई! उद्या टेस्ट आहे आणि तू हिला चिंचोके खेळायला बसवलंस? वळसंग आहे का हे?" म्हणत त्याने पायाने ते सगळे लोटून दिले. काही टीपॉयखाली गेले, काही भिंतीला जाऊन आपटले.

"उचल ते," मी म्हणाले.

"काय?"

"पायानं लोटलंस ना? आता हातानं उचल. अभ्यास हाय तो तिचा."

"हा कसला अभ्यास? आई, तू मध्ये पडू नकोस."

"पडणार. हिच्या भावाला, ऋतुराजला, डॉक्टर व्हायचं होतं, तो नापास झाला. तू त्याला लातूरला क्लासला ठेवलंस. पुन्हा नापास झाला, पुन्हा ठेवलंस. तेव्हा कुठली अट घातलीस रे? 'पोरगं मन लावतंय, होईल,' म्हणत होतास. आणि हिला एक टेस्ट?"

"त्याची गोष्ट वेगळी आहे."

"कशी वेगळी? सांग की तिच्यासमोर."

स्वयंपाकघरातला मिक्सर थांबला. सून रुपाली दारात येऊन उभी राहिली. कुमारने तिच्याकडे पाहिलं. तिने त्याला काही मदत केली नाही.

"बरं, बघू," तो म्हणाला.

हा शब्द मी आधीही ऐकला होता. माझे वडील मेंढरं घेऊन दूर गेले होते तेव्हा कुंडलिककाकांनी माझं कॉलेज थांबवलं होतं. एका पेपरात मार्क कमी पडले एवढंच निमित्त. त्यांचा स्वतःचा मुलगा मॅट्रिकला दरवर्षी बसत होता, दरवर्षी पडत होता आणि दरवर्षी त्याला नवी पुस्तकं येत होती. मला म्हणाले, "बघू की पुढच्या साली." मी वाट पाहिली. पुढच्या साली माझं लग्न होतं.

"बघू नाही," मी म्हणाले. "मला बघू नको. होय म्हण नाहीतर नाही म्हण. नाही म्हणायचं असेल तर पोरीच्या तोंडावर म्हण, की तू मुलगी आहेस म्हणून तुला एकच संधी."

"असं कुठं म्हणालो मी?"

"केलंस तर तसंच."

तो वाकला आणि टीपॉयखाली हात घातला. चिंचोके गोळा करता करता, वर न बघता म्हणाला, "मार्क काही का पडेनात. क्लास चालू राहील."

"आणि बारावीनंतर, पप्पा?"

हे संस्कृतीने विचारलं, मी नाही. तिची नजर खाली नव्हती. कुमारने तिला उत्तर द्यायच्या ऐवजी माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतोस?" मी ओरडलेच. "विचारलं कुणी? तिला सांग."

तो तिच्यासमोर फरशीवर बसला आणि म्हणाला, "बारावीनंतरही. तुला फिजिक्स घ्यायचं तर फिजिक्स."